सातबारा

कोकणातल्या कितीतरी घरांत तो पत्र्याच्या पेटीत, घडी घालून ठेवलेला असतो. राजापूर तालुक्यातल्या नाटे गावातही त्याचे बिऱ्हाड असेच. त्याचे नावच जोडनाव: गाव नमुना ७ मालकी सांगतो, १२ पीक. बोलणे मोजके. गट नंबर, हेक्टर-आर, पोटखराबा, आकार, इतर हक्क. पण नाते तोडणे त्याच्या स्वभावात नाही. आजोबा गेले, काका मुंबईला गेले, वारसनोंद राहून गेली. तरी दोन-चार गुंठ्यांवर सारी भावकी त्याने सामाईक नांदवलेली असते. फेरफाराचा नंबर धरून मागे गेलात, तर तो थेट पणजोबांच्या दारात नेऊन उभा करतो.

म्हणूनच जमिनीच्या बाजाराचे अभ्यासक त्याच्याकडे येतात. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ साली छापला. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले, हे त्यांनी जुनी दप्तरे चाळून दाखवले. आज तिथे उंच इमारती आहेत, आणि तो अभ्यास अजून वाचला जातो.

असा अभ्यास समोर आला की संशोधनपत्रिकेचा चांगला संपादक आधी हेच विचारतो: आकडा कुठून आणला? दुसऱ्याला तो तपासता येईल का? या दोन्ही प्रश्नांपुढे सातबारा ठामपणे उभा राहतो. भाव विचारला की मात्र तो गप्प. भाव खरेदीखतात असतो, आणि तिथेही पुरता उतरतोच असे नाही. ही उणीव स्वतःहून मांडणारा लेख मला अधिक विश्वासाचा वाटतो.

संपादकाचा तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: या तक्त्याबाहेर कोण राहिले? त्याचे उत्तर नाटे गावातच आहे. शेजारी माडबन परिसरात जैतापूर अणुप्रकल्पासाठी सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. सातबाऱ्यावर नाव असलेल्यांची गणती झाली. जवळच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांचे पोट समुद्रावर, आणि समुद्राला गट नंबर नाही. एप्रिल २०११ मध्ये इथल्या प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक जीव गेला.

जमिनीवर लिहिणाऱ्याने सातबारा जरूर वाचावा, अगदी शेवटच्या फेरफारापर्यंत. मग तो हातात घेऊन साखरी नाट्याच्या बंदरावर जावे, होड्या परतायच्या वेळी.