पेठची पोपटी आणि मेहुण्याचं थर्मल

कर्जतच्या थंडीला मुंबईकर हसतात, कारण ते तिथे सकाळी दहाला पोचतात. तोवर उन्हाने कामगिरी सुरू केलेली असते. जानेवारीतलं कर्जत बघायचं तर रात्र आंबिवलीच्या वर, कोथळीगडाच्या कुशीतल्या पेठ गावात काढावी.

मला ते ठाऊक होतं. माझ्या मेहुण्याला नव्हतं. तो केदारकंठाला निघाला होता आणि त्याला रंगीत तालीम हवी होती. हिमालयात जाणारे मुंबईकर आधी कर्जतच्या गडांवर गुडघे तपासून घेतात. हा थर्मल तपासायला आला होता. काळं, जाड, आतून लव असलेलं. दुकानदाराने म्हणे ‘उणे दहापर्यंत चालतं’ असं छातीवर हात ठेवून सांगितलेलं. हे ‘उणे दहा’ मला कधीच पटलेलं नाही. उणे दहात बसायचं की पाठीवर ओझं घेऊन चढायचं, हे एकही दुकानदार सांगत नाही. चालणारं शरीर ही चालती भट्टी. तिला गरम ठेवावं लागत नाही, तिचा घाम बाहेर काढावा लागतो.

हे मी त्याला आंबिवलीतच सांगितलं. “भावोजी, टेस्ट करायचीय ना?” म्हणून त्याने ते सकाळपासून चढवलेलं होतं. दुपारच्या चढावर तो टोमॅटोसारखा लाल झाला. काढावं तर खाली काहीच नाही, आणि मेहुणा लाजाळू. पेठच्या पहिल्या घराशी पोचलो तेव्हा थर्मल पिळलं असतं तर तांब्या भरला असता.

मग सूर्य माथेरानमागे गेला, वारा सुटला, आणि पाचेक मिनिटांत मेहुण्याचे दात वाजू लागले. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं. त्या सुंदर मऊ लवेने दिवसभराचा घाम पोटाशी धरून ठेवला होता.

आम्ही उतरलो त्या घराच्या अंगणात पोपटीची तयारी चालली होती. रायगडच्या हिवाळ्यात मला दुसरं काही नको असतं. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी, वर पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. शेंगा स्वतःच्याच वाफेत शिजतात. काका जाळ सारखा करत होते. त्यांनी कुडकुडणाऱ्या मेहुण्याकडे, मग अंगाला चिकटलेल्या काळ्या कापडाकडे बघितलं.

“पावनं, तुमी तर सकालधरनं सोताचीच पोपटी लावलेली दिसताय!”

मी हसलो. मावशी हसल्या नाहीत. “शेकोटीला नंतर बस. आधी ते वलं काढ,” एवढंच म्हणाल्या आणि आतून घोंगडी आणून त्याच्या अंगावर टाकली. मेहुण्याच्या पिशवीत चार्जर दोन होते, कोरडा कपडा एक: सुती गंजी. ती घालून तो घोंगडीत शिरला आणि लगेच खाजवायला लागला.

घोंगडी टोचते आणि माझं रात्रीचं मेरिनो टोचत नाही, दोन्ही मेंढीचीच लोकर असून. फरक तंतूच्या जाडीचा. मेरिनोचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्वचेला लागला की वाकतो. तीसच्या पुढचा तंतू वाकत नाही, बोचतो. दख्खनी मेंढीची लोकर भरड. पण लोकर कुठलीही असो, आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही ती हाताला फारशी ओली लागत नाही. पॉलिएस्टर ओल जवळपास पीतच नाही, म्हणून भरभर वाळतं. तीन दिवसांत त्याला जो वास येतो तो मात्र सोसवत नाही. चढताना मी तेच पातळ, अंगाबरोबर बसणारं घालतो. सैल घातलं तर घाम कापडापर्यंत पोचतच नाही.

काकांनी माझ्या मेरिनोची बाही चिमटीत धरली. “ही कसली लोकर, टोचतच नाय?” मग किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मडकं उलथलं तेव्हा ओव्याचा आणि करपल्या पाल्याचा असा दरवळ उठला की मेहुणा खाजवणं विसरला. शेंगा बोटं पोळत सोलायच्या, दाणे थेट तोंडात. त्याने किती खाल्ल्या ते मोजत नाही, त्याच्या बहिणीला कळेल. तोवर काळं थर्मल दोरीवर होतं. सकाळीही ते दमटच होतं.

सकाळी गड. पेठचा सुळका आतून कोरून जिना वर काढलाय. खालच्या लेण्यातले नक्षीदार खांब बघताना मी नेहमी रेंगाळतो. दुसरा दिवस खालापुरात गेला. चावणीजवळ उंबरखिंडीच्या स्मारकापाशी मात्र मला एका गोष्टीने पकडलं. २ फेब्रुवारी १६६१ ला मुघल सरदार कारतलबखानाची फौज घाट उतरून इथल्या रानात शिवाजीराजांच्या हाती कोंडली गेली. म्हणजे हाच मोसम: पहाटे गारठा, दुपारी काहिली. पहाटे वर चढवलेल्या जाड कपड्यांचं त्या माणसांनी दुपारी काय केलं असेल? इतिहासात खानासोबतच्या रायबागनचा शरण जाण्याचा सल्ला नोंदलाय, कपड्यांचं कोणी लिहीत नाही. मेहुण्याच्या मते त्यांनी सामानसुमान टाकून वाट मागितली, त्यातच गेले असतील. खानाविषयी त्याला अचानक फार कणव वाटू लागली होती.

मुंबईत दुकानदाराने वापरलेलं थर्मल परत घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मेहुण्याने ते तंबूत झोपण्यापुरतं राखलं आणि पातळ दोन घेतली: एक अंगात, एक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी. मेरिनो काही त्याने घेतलं नाही. माझं मागून नेलंय.