सुताची गोष्ट

परवा खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाताखाता आईने विचारलं, “तुझ्या त्या सुताचं पुढे काय झालं गं?”

सूत म्हणजे माझे नॅनोतंतू. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ते मी काढायचे. सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण, सुईला दहा-पंधरा हजार व्होल्ट, समोर फॉइल. सुईच्या टोकाशी थेंबाचा शंकू होतो, त्यातून धार सुटते, हवेत वळसे घेत वाळते आणि फॉइलवर पांढरी साय जमते. एकेक तंतू केसाच्या शेकडो पट बारीक.

ते बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. आमच्याकडचा बंद होता. फेब्रुवारी २०२० मध्ये सरांच्या ओळखीने नमुने परदेशातल्या एका प्रयोगशाळेत पाठवले. ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ म्हटलं की लोकांना करारावर सह्या करणारे मंत्री आठवतात. मला आठवतं एक पाकीट, कस्टम्सचा फॉर्म आणि स्वतःचं काम संपवून रात्री माझे नमुने बघणारी, कधीही न भेटलेली एक मुलगी.

हे तंत्रच मुळात असं हातोहात आलंय. जर्मनीच्या अँटोन फॉर्महाल्सने १९३४ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट घेतलं. १९३८ च्या सुमाराला मॉस्कोत पेत्र्यानोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच तंतूंपासून गॅस मास्कची गाळणी केली. मग बाहेरच्या जगात ते जवळजवळ विसरलं गेलं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांनी ते पुन्हा वर आणलं. त्यांचे पेपर वाचूनच मी सुई लावायला शिकले.

एप्रिलमध्ये फोटो ईमेलने आले. तेव्हा लॅबला कुलूप होतं. मास्कची निर्यात भारताने ३१ जानेवारीलाच थांबवली होती, इतर देशही तेच करत होते. फोटो सीमा ओलांडून आले, मास्क मात्र जिथल्या तिथे अडकले.

बाबा पाणीपुरवठ्यात. त्यांना सुट्टी नव्हती. गाळणीचे तंतू काढता येणारी मुलगी घरात, आणि आई जुन्या सुती साडीचे मास्क शिवत होती. जूनमध्ये बाबा आजारी पडले. बरे झाले. पण ते पंधरा दिवस मी फोनवर तेच फोटो उघडून बसायचे.

त्याच वर्षी इथल्याच गिरीनगरमधल्या डीआयएटी या संरक्षण संस्थेने कडुनिंब, हळद, तुळशीचे अर्क असलेल्या नॅनोतंतूंचा ‘पवित्रपती’ मास्क तयार केला आणि तंत्रज्ञान कोल्हापूरच्या कंपनीकडे दिलं. बातमी वाचून आनंद झाला, थोडी लाजही वाटली. मी तळहाताएवढी साय काढली होती. दुकानात मास्क यायचा तर थानच्या थान निघावं लागतं, प्रत्येक मीटर सारखा, तपासलेला, परवडणारा. त्यासाठीही कुणीतरी कुणाशी तरी हात मिळवावा लागतो. पेपरच्या शेवटी मी “गाळणीसाठी उपयुक्त” असं लिहिलं होतं. ते दोन शब्द आता मला हलके वाटत नाहीत.

आईला फोनवर फोटो दाखवला. तिने दोन बोटांनी मोठा करून बघितला.

“शेवया गं या,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “तेव्हा यांना हा एक तरी मिळायला हवा होता.”

धरणाच्या पाण्यावर ऊन उतरत होतं. मी काहीच बोलले नाही. या दिवाळीत त्या मुलीला पत्र लिहायचं ठरवलंय. पुढचे नमुने तयार आहेत.