मुहूर्त चुकलेले वऱ्हाड आणि सोन्याची सुई

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला हत्तीखाना बघायला गेलेल्या पाहुण्याला एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. कोकणातली योगेश्वरी परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली, वाटेत मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कायमची इथेच राहिली. डोंगरात कोरलेला तो मंडप आणि समोरचे दगडी हत्ती हे त्या वऱ्हाडाचेच, असे सांगतात. ‘फायनल फँटसी’ खेळून वाढलेल्या मुलाला ही कथा सांगून पाहावी. पहिला प्रश्न येईल, “एवढ्या वऱ्हाडात कुणाकडेच सोन्याची सुई नव्हती?”

प्रश्न थट्टेचा वाटला तरी तो खेळाच्या नियमातून आलेला आहे. या जपानी मालिकेत शत्रूच्या फुंकरीने सोबत्याचा दगड होतो, आणि सोन्याची सुई टोचली की तो पुन्हा जिवंत होतो. सुई गावातल्या दुकानात मिळते. शहाणा खेळाडू डोंगर चढण्याआधी चार-पाच बांधून घेतो.

अशा खेळांना जगभर ‘जेआरपीजी’ म्हणतात, म्हणजे जपानी धाटणीचे भूमिका-खेळ. बीडच्या पोरांच्या मोबाइलवर आजवर राज्य केले ते गोळीबाराच्या खेळांनी. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पब्जीवर बंदी आली, २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर. दोन्ही वेळा नाव बदललेली भावंडे हजर झाली आणि बैठक पुन्हा बसली. त्या खेळांत पंधरा-वीस मिनिटांत निकाल लागतो. जेआरपीजीत तेवढ्या वेळात नायकाची आई त्याला झोपेतून उठवून न्याहारीला बसवते.

प्रस्तुत लेखकाचा धंदा जपानी मजकुराच्या भाषांतराचा. गावी आला की भाचे-पुतणे विचारतात, “काका, अ‍ॅनिमेसारखा चांगला गेम सांगा.” हा लेख त्या प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे.

मुळात हे खेळ जन्माला आले ते सोपे करून सांगण्याच्या खटपटीतून. अमेरिकेत ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ हे संगणकावरचे खेळ होते, किचकट आणि आकडेमोडीचे. युजी होरी हा मासिकात लिहिणारा माणूस. दोन बटणे आणि चार दिशांच्या फामिकॉम या घरगुती खेळयंत्रावर शाळकरी पोराला तीच मजा कशी देता येईल, हे कोडे त्याने सोडवले आणि २७ मे १९८६ ला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ बाजारात आला. चित्रे ‘ड्रॅगन बॉल’वाल्या अकिरा तोरियामाची, संगीत कोइची सुगियामाचे. तोरियामाने काढलेला पाण्याच्या थेंबासारखा निळा, हसरा स्लाइम हा या खेळातला सर्वांत दुबळा शत्रू. चाळीस वर्षांनीही खेळण्यांच्या दुकानात तो नायकापेक्षा जास्त दिसतो. अ‍ॅनिमेची रेषा आणि हा खेळप्रकार यांची गाठ इथे पहिल्याच दिवशी बसली.

त्या पहिल्या खेळात प्रगती साठवायची सोय नव्हती. राजा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ द्यायचा: हिरागाना लिपीतली वीस अक्षरे. वहीत उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी टाकायची. दुसऱ्या भागात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकले की कित्येक दिवसांची मेहनत पाण्यात. जपानच्या एका अख्ख्या पिढीने शुद्धलेखनाची खरी भीती इथे अनुभवली.

१० फेब्रुवारी १९८८ ला तिसरा भाग आला तो बुधवारी. शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना पोलिसांनी गाठले, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. ‘ड्रॅगन क्वेस्ट सुट्टीच्याच दिवशी विकावा असा कायदा जपानमध्ये झाला’ ही दंतकथा तिथून निघाली. असा कायदा झालेला नाही. कंपनीनेच शहाणपणाने पुढचे भाग सुट्टीला काढले.

या प्रकाराबद्दलची पहिली तक्रार लांबीची. ‘पर्सोना ५ रॉयल’ नीट खेळायचा तर शंभर तास सहज जातात. पुण्या-मुंबईच्या मित्रांना हा आकडा ऐकून घेरी येते. बीड जिल्ह्यात तो इतका परका वाटू नये. गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह बसतो, त्यात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे बदलतात, वीणा सुरूच. सात दिवसांचे एकशे अडुसष्ट तास झाले. शंभर तासांचा खेळही असाच पहारे लावून, रोज तासभर बसून संपवायचा असतो. एका रात्रीत फडशा पाडायला गेलेला चौथ्या दिवशी कंटाळतो. लेखक हे अनुभवाने सांगतो आहे.

दुसरी गोष्ट टोळीची. खेळात नायक एकटा हिंडत नाही. एक तलवारवाला, एक जखमा भरणारी, एक मंत्र फेकणारा, असे तीन-चार जण एकत्र निघतात आणि लढाईत पाळीपाळीने वार करतात. इंग्रजीत याला पार्टी म्हणतात. बीडमध्ये पार्टी म्हणजे राजकीय पक्ष किंवा वाढदिवसाचा केक. दसरा-दिवाळी झाली की इथून साखर कारखान्यांकडे निघतात त्या टोळ्या, आणि त्यात कोण तोडणार, कोण मोळ्या बांधणार, कोण गाडी भरणार हे ठरलेले असते. खेळातल्या त्या चौघांना ‘टोळी’ हाच शब्द चपखल बसतो. भाषांतरकार म्हणून तो वापरायची संधी मात्र लेखकाला अजून मिळालेली नाही, कारण या खेळांच्या मराठी आवृत्त्या निघत नाहीत.

आता देवांकडे वळू, कारण घरातली वडीलधारी मंडळी इथेच भुवया उंचावतात. ‘फायनल फँटसी’त १९९० च्या तिसऱ्या भागापासून शिवा नावाची शक्ती बोलावता येते. ती बाई आहे. अंग निळसर, काम शत्रूला बर्फात गोठवण्याचे. २००१ च्या दहाव्या भागात ती वरून अलगद उतरते, सगळे गोठवते आणि चुटकी वाजवते, बर्फाचा चुराडा. परळीत ज्योतिर्लिंगाला हात लावून दर्शन घेतलेल्या माणसाने हे बघितले तर आधी रागावावे की हसावे कळत नाही. कैलास, बर्फ, थंडी एवढा धागा कुणीतरी पकडला आणि बाकीचे सोडून दिले, असे दिसते.

‘पर्सोना’चे घराणे, म्हणजे अ‍ॅटलस कंपनीचे खेळ, याहून जास्त अभ्यास करून उतरतात. ‘पर्सोना ५’मध्ये शिव आणि पार्वती यांचा संयोग केला की अर्ध नावाची मूर्ती मिळते: आपला अर्धनारीनटेश्वर. याच कंपनीच्या २००४ च्या ‘डिजिटल डेव्हिल सागा’त टोळ्यांच्या प्रदेशांची नावे मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर अशी शरीरातल्या चक्रांवरून आहेत, पात्रांच्या अंगात अग्नी, वायू, पृथिवी, वरुण संचारतात आणि नवी विद्या ‘मंत्र’ म्हणून विकत घ्यावी लागते. हे परकेपण वाटते तितके ताजेही नाही. सरस्वती बेंझाइतेन होऊन, गणपती कांगितेन होऊन आणि यम एन्मा होऊन बौद्ध धर्माच्या वाटेने शतकांपूर्वीच जपानला पोचले. खेळ बनवणाऱ्यांना ते आपल्याच देवळात भेटतात. आपल्याकडेही उलटा प्रवास झाला आहे. १९९३ च्या सुमारास रविवारी दूरदर्शनसमोर ज्यांनी मोगली बघितला, त्यांनी जपानी मालिकाच बघितली होती. तेव्हा अ‍ॅनिमे हा शब्द कुणाच्या कानावर नव्हता.

मग सुरुवात कशाने करावी?

हातात फक्त मोबाइल असेल तर ‘क्रोनो ट्रिगर’. १९९५ चा खेळ, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे होरी, ‘फायनल फँटसी’चे हिरोनोबू साकागुची आणि चित्रांना तोरियामा, असे तिघे एकत्र आले ते यासाठी. जत्रेत मैत्रिणीचा प्रयोग फसतो आणि पोरे चारशे वर्षे मागे जाऊन पडतात. वीस-पंचवीस तासांत संपतो, म्हणजे या प्रकारात पोथीचा एकच अध्याय म्हणायचा. तो आवडला तर ‘फायनल फँटसी ६’, १९९४ चा, ज्याची नीट रंगरंगोटी केलेली आवृत्ती फोनवर मिळते. एकदाच पैसे, मध्ये जाहिराती नाहीत, आणि लाइट गेली, रेंज गेली तरी लढाई चालू. संवाद लिहून येतात आणि बोट लावल्याशिवाय पुढे सरकत नाहीत, त्यामुळे इंग्रजी कच्चे असले तरी वाक्य दोनदा वाचायला सवड मिळते.

फुकटात मिळतात त्यांच्याबद्दल मात्र दोन कडू शब्द. अ‍ॅनिमेच्या चेहऱ्याचे बरेच मोबाइल खेळ ‘गाचा’ पद्धतीचे असतात. जपानमध्ये नाणे टाकून दांडा फिरवला की डबीतून कोणतेही एक खेळणे पडते, त्या यंत्रावरून हे नाव आले. हवे ते पात्र हवे तर पुन्हा पुन्हा दांडा फिरवा, म्हणजे पुन्हा पुन्हा पैसे. २०१५ पासून चालू असलेल्या ‘फेट/ग्रँड ऑर्डर’मध्ये कर्ण, अर्जुन, अश्वत्थामा आणि चक्क झाशीची लक्ष्मीबाई आहेत, कथा झकास आहे, पण झाशीची राणी आपल्या टोळीत यावी म्हणून सोडत काढत बसणे लेखकाला पटत नाही. लहान मुलाच्या हातात बापाचा यूपीआय जोडलेला फोन असेल तर अजिबातच नाही.

चित्रांसाठीच खेळायचा असेल, तर ‘नी नो कुनी’. त्यातली चलचित्रे स्टुडिओ जिब्लीने केली, संगीत जो हिसाइशींचे. आई गेलेला ऑलिव्हर तिला परत आणता येईल या आशेने दुसऱ्या जगात जातो. लढाईची पद्धत अर्धवट जमली आहे, हे कबूल केले पाहिजे. गप्पांची आवड असेल तर ‘ट्रेल्स इन द स्काय’, २००४ चा. कथेत काही घडले की गावातला प्रत्येक दुकानदार, शिपाई, म्हातारी वेगळे बोलू लागते. काल संप होता तर आज त्याची चर्चा पारावर. सगळ्यांशी बोलायचे म्हटले तर कथा पुढे सरकतच नाही, आणि त्याचे वाईटही वाटत नाही.

या सगळ्याला पोरखेळ म्हणणाऱ्यांसाठी एक टीप. २३ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, तेव्हा देशोदेशींचे खेळाडू मैदानात आले ते जपानी व्हिडिओ खेळांच्या संगीतावर. पहिला तुकडा ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा. आठवड्याभरानंतर त्याच मैदानात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेस धावला आणि ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून आला.

जुना लॅपटॉप असेल, तर लेखकाची शिफारस एकच, आणि ती पक्षपाती आहे: ‘पर्सोना ४ गोल्डन’. मूळ खेळ २००८ चा, संगणकावर २०२० मध्ये आला; महागड्या यंत्राची गरज नाही. इनाबा नावाच्या आडगावात शहरातला मुलगा वर्षभरासाठी मामाकडे राहायला येतो. मामा पोलिसात, मामी नाही, मामेबहीण नानाको सात वर्षांची आणि बऱ्याचदा घरी एकटी. गावात जुनेस नावाचे मोठे दुकान उघडले आहे आणि जुन्या बाजारपेठेतली शटरे एकेक करून खाली येताहेत. जुनेसच्या मॅनेजरचा मुलगा योसुके नायकाचा जिवलग, म्हणून अर्ध्या गावाचा त्याच्यावर राग. पावसाळी रात्री बारा वाजता बंद टीव्हीत कुणीतरी दिसते, धुके पडले की खून उघडकीला येतो. नायक सोडून टोळीतला प्रत्येक जण टीव्हीच्या आत जाऊन स्वतःच्याच सावलीशी भांडतो: मी गावाला कंटाळलो, मला वारशाचे हॉटेल नको, हे सगळे ती सावली तोंडावर बोलून दाखवते. तालुक्याच्या गावात वाढलेल्याला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. शाळा, पाऊस, परीक्षा, अर्धवेळ नोकरी, सगळे तारखेवार चालते, आणि चुकीच्या माणसाबरोबर संध्याकाळ घालवली तर ती परत मिळत नाही.

खेळ सुरू होतो तो रेल्वेच्या एका छोट्या स्टेशनावर आणि संपतो तिथेच. मार्चच्या २१ तारखेला नायक परत निघतो, गाडी हलते आणि टोळी फलाटावरून तिच्याबरोबर पळत राहते. आमच्या जिल्ह्यात परळीला रेल्वे जुनी. बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामदिनी. लेखकाने हा शेवट पहिल्यांदा पाहिला तेव्हा बीड सोडणारे पोरगे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जायचे, आणि ट्रॅव्हल्सच्या मागे कुणी पळत नाही.