किल्ल्यांचा जुडगा

इंदूरच्या आमच्या लहानशा मराठी वाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर आणण्याचे काम निवृत्तीनंतर मी हौसेने अंगावर घेतले. जुन्या वह्यांतली एकेक नोंद टंकित करण्याचे कष्ट मात्र ग्रंथपालबाईंचे. सूचीची प्रत काढणे, जुनी प्रत पुसणे यांसाठी सर्व्हरला कमांड द्यावी लागे आणि त्यासाठी बाई दर वेळी मला फोन करीत. त्यांची अडचण दूर व्हावी म्हणून मी ब्राउझरमध्ये उघडणारे एक पान रचले. चौकटीत नाव लिहून बटण दाबले की पुढची आज्ञा ते पान सर्व्हरला देई. कुठे अडू नये म्हणून ती आज्ञा मी ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यातून चालविली होती.

एके सायंकाळी बाईंनी पुसण्याच्या चौकटीत लिहिले, ‘जुनी यादी’. आज्ञा वाचणारा शेल मोकळ्या जागेवर शब्द तोडतो, त्यामुळे त्याला ही दोन नावे दिसली. ‘जुनी’ तेथे नव्हतीच. ‘यादी’ मात्र होती. तीत सारी ग्रंथसूची होती. ती क्षणात गेली.

हैदराबादला हेच काम करणारा भाचा ऐकून म्हणाला, “मामा, इथे तर चोराचीही गरज पडली नाही! कुणी नावापुढे अर्धविराम देऊन स्वतःची आज्ञा लिहिली असती, तर शेलने तीही पाळली असती.” बॅश या शेलमधला ‘शेलशॉक’ नावाचा दोष सुमारे पंचवीस वर्षे दडून राहिला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये उघडकीस आला. त्यामुळे अनेक सर्व्हरांवर परक्यांना वेबमार्गे आज्ञा चालविता येत होत्या, हेही त्यानेच सांगितले.

मग आम्ही पान नव्याने रचले. आता त्यावर ठरलेल्या कामांची तीनच बटणे आहेत. नाव लिहायचे नाही, यादीतून निवडायचे. निवडलेले नाव खरोखर यादीतले आहे ना, हे सर्व्हर पुन्हा तपासतो. ते नाव शेलच्या हाती न पडता, एक अखंड शब्द म्हणून थेट प्रोग्रामकडे जाते. पानाच्या खात्याला तेवढ्या तीन कामांपुरताच अधिकार आहे. प्रवेशाला परवलीचा शब्द लागतो, आणि कोणी केव्हा काय केले याची नोंद राहते. सूचीची एक प्रत या पानाचा हात न पोहोचेल अशा जागी असते.

माझ्या घरी तीन आठवड्यांपूर्वीची प्रत सापडली, म्हणून निभावले. मधल्या नोंदी बाईंनी पुन्हा टंकित केल्या. मी क्षमा मागितली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “काका, मला एक फडताळ उघडायचे होते. तुम्ही सगळ्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगाच हाती दिलात.”

विश्वास म्हणून दिलेला तो जुडगा खरे तर माझा आळस होता, हे त्या दिवशी उमगले.