सहाव्या पट्ट्याचा रंग

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या आठवड्यात आपल्या शाळेच्या सभागृहाचे रूप दरवर्षी सारखेच असते. फरशीवर जुनी वर्तमानपत्रे अंथरलेली, पोस्टर रंगांच्या बाटल्या उघडलेल्या आणि मुलेमुली धम्मध्वजाचे कागदी झेंडे रंगविण्यात गर्क. ही स्मरणिका हाती घेणाऱ्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांची बोटे त्या निळ्या रंगाने कधी ना कधी माखलेली असतील. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी देखरेखीचे काम आमच्याकडे होते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. रंगकामाशी आमचा संबंध सांडलेले पाणी पुसायला सांगण्यापुरताच.

सहावीतील एक मुलगी हातात वाटी घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. वाटीत मातकट, काळपट असे काहीतरी होते. ती म्हणाली, “सर, सहावा पट्टा म्हणजे पाचही रंग एकत्र, असं तुम्हीच वर्गात सांगितलंत. मी एकत्र केले. मग हा चिखल का झाला?”

आम्हांला उत्तर आले नाही. उत्तर न आलेला शिक्षक बहुधा जे करतो तेच आम्ही केले. “रंग वाया घालवू नकोस, पुस्तकात आहे तसा काढ,” असे म्हणून तिला परत पाठविले. ती गेली, पण वाटी तिने धुतली नाही, एवढे आमच्या लक्षात राहिले.

ध्वजाचा इतिहास आम्हांला ठाऊक होता. १८८५ साली श्रीलंकेतील बौद्धांनी कोलंबो येथे तो प्रथम उभारला. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि नारिंगी, म्हणजेच मांजिष्ठ, असे त्याचे पाच उभे पट्टे. तथागतांच्या देहातून प्रकटलेल्या किरणांचे हे रंग, अशी परंपरा सांगते. सहावा पट्टा या पाचांच्या एकत्र येण्याचा. त्याला प्रभास्वर म्हणतात. प्रभास्वर म्हणजे तेजस्वी, उजळ. मुलीच्या वाटीतला चिखल तेजस्वी नव्हता, हे तर उघडच होते. म्हणजे एक तर परंपरा चुकली होती किंवा आमचे सांगणे.

दुसऱ्या दिवशी आम्ही विज्ञानाच्या बाईंपुढे तो प्रश्न ठेवला. त्यांनी तोंडाने उत्तर दिले नाही. संध्याकाळी प्रयोगशाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला, तीन बॅटऱ्यांच्या तोंडांवर लाल, हिरवा आणि निळा जिलेटिनचा कागद बांधला आणि सहावीच्या वर्गाला आत बोलाविले. भिंतीवर लाल झोत पडला, त्यावर हिरवा पडला आणि दोन्ही मिळाले तेथे पिवळा रंग उमटला. मुले ओरडलीच. तिसरा, निळा झोत त्यांत मिळाला तेव्हा मधला भाग जवळजवळ पांढरा झाला. ती मुलगी आमच्याकडे वळून पाहत होती. आम्ही भिंतीकडे पाहत राहिलो.

बाईंनी मग न्यूटनची हकिगत सांगितली. प्लेग म्हटला की पुण्याच्या माणसाला १८९७ साल आठवते. इंग्लंडमध्येही १६६५ साली प्लेग आला, केंब्रिजचे विद्यापीठ बंद पडले आणि तेथला तरुण न्यूटन आपल्या गावी परतला. त्या काळात त्याने लोलकातून सूर्यकिरण पाहण्याचे प्रयोग आरंभिले. लोलक प्रकाशाला रंग चढवितो, असे तोवर विद्वान मानीत. न्यूटनने दाखविले की पांढऱ्या प्रकाशात सारे रंग आधीपासूनच नांदत असतात. लोलक त्यांना फक्त वेगळे करतो, आणि ते पुन्हा एकत्र आणले की पांढरा प्रकाश परत मिळतो.

मग वाटीत चिखल का? कारण बाटलीतला रंग प्रकाश देत नाही. पडलेल्या प्रकाशातील काही भाग तो गिळतो आणि उरलेला परत पाठवितो. तो उरलेला भाग म्हणजे आपल्याला दिसणारा रंग. पाच रंग कालविले की प्रत्येकजण आपापला वाटा गिळतो आणि डोळ्यापर्यंत फारसे काही पोहोचत नाही. मुलीने जे एकत्र केले, ते प्रकाशाला कमी करणारे पाच पदार्थ होते.

यापुढची गोष्ट बाईंनी एका मोबाइलवर दाखविली. पडद्यावर पाण्याचा बारीकसा थेंब ठेवून त्यातून पाहिले की पांढऱ्या जागी लाल, हिरवे आणि निळे ठिपके शेजारी शेजारी बसलेले दिसतात. कोणी कोणात कालवलेला नसतो. त्यांना एकत्र आणण्याचे काम आपला डोळा आणि मेंदू करतात. ते पाहताना सहाव्या पट्ट्याचा अर्थ आम्हांला प्रथमच नीट कळला. ध्वज नीट पाहा. सहाव्या पट्ट्यात पाच रंग कालवलेले नाहीत. ते एकाखाली एक, आपापल्या आडव्या चौकोनात, पूर्ण तेजाने बसविलेले आहेत. ध्वज घडला त्याच सुमारास पॅरिसमध्ये जॉर्ज सोरा हा चित्रकार रंग न कालविता सुट्या ठिपक्यांनी चित्र रंगवीत होता. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नाही. पण एकत्र येण्यासाठी कोणी आपला रंग सोडावा लागत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे दिसते. ही गोष्ट आम्ही वीस वर्षे ‘एकत्र’ या एका ढोबळ शब्दात उरकीत आलो होतो.

त्या हिवाळ्यात शाळेची सहल अजिंठ्याला गेली. पहिल्या लेण्यात शिरताना बाहेरचे ऊन डोळ्यांत होते. आत काहीच दिसेना. मुले कुरकुरू लागली. आपल्या डोळ्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात, हे आम्ही आता शिकलो होतो. अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशींना रंग कळत नाहीत. रंग ओळखणाऱ्या पेशींना पुरेसा उजेड हवा असतो. आम्ही मुलांना थांबायला सांगितले. हळूहळू भिंत दिसू लागली आणि मंद दिव्याच्या उजेडात तिच्यावरचे रंग उलगडू लागले.

दीड हजार वर्षांपूर्वीचे हे रंग कशाचे? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी. निळा तेवढा दूरचा. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतला राजावर्त दगड कुटून केलेला. आणि या सर्वांखालचा गिलावा? मातीत भाताचे तूस आणि गवताचे तंतू कालवून लिंपलेला, वर चुन्याचा पातळ हात. ही यादी ऐकून ती मुलगी म्हणाली, “म्हणजे सर, हा पण चिखलच.”

त्याच लेण्यात एक चित्र ‘काळी राजकन्या’ या नावाने ओळखले जाते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गोरी, सावळी, काळी माणसे एकाच दरबारात बसविली आहेत. सावळेपणा तेथे दासींच्या वाट्याला टाकलेला नाही. त्या मुलीने राजकन्येपुढून हलायला नकार दिला. आमची रांग अडली. चित्रकलेच्या वहीत तिने काढलेला प्रत्येक चेहरा फिकट गुलाबी असे, हे तेव्हा आम्हांला आठवले. खडूंच्या पेटीतल्या त्या कांडीला मुले ‘अंगाचा रंग’ म्हणतात. त्या मुलांपैकी एकाचेही अंग त्या रंगाचे नाही, हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते.

लेण्यांतून बाहेर पडताना मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलाविले. त्यांनी सुटणारा गिलावा जागी बसविला आणि चित्रांवर लाखेच्या वॉर्निशचा थर दिला. हेतू रक्षणाचा होता. पण काळाने तो थर पिवळा पडला आणि खालचे रंग भलतेच दिसू लागले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना तो थर जपून काढावा लागला.

तो थर आमच्या स्वतःच्या घरातही होता, हे पुढच्या वर्षी कळले. थोरल्या मुलीच्या लग्नाचा परिचयपत्र आम्ही तयार करीत होतो. उंची, शिक्षण, नोकरी, आणि छापील नमुन्यात एक रकाना होता: ‘वर्ण’. आम्ही ‘गहूवर्णी’ लिहिले. मुलगी सावळी आहे, आमच्या आईसारखी. ‘हू वेअर द शूद्राज?’ हा बाबासाहेबांचा १९४६ सालचा ग्रंथ आम्ही एम.ए.ला असताना टिपणे काढून वाचला होता. वर्णाचा मूळ संबंध कातडीच्या रंगाशी नव्हता, असा निष्कर्ष त्यांनी वेदांतील उल्लेख तपासून त्यात काढला आहे. चातुर्वर्ण्य नाकारून धम्मात आलेल्या घरात ‘वर्ण’ या रकान्यात खोटे लिहिणारा हात आमचाच होता. मुलीने कागद वाचला, तो रकाना आडव्या रेघेने खोडला आणि एवढेच म्हणाली, “बाबा, हे कोणासाठी लिहिलंत?”

डोळा, दिसणारी वस्तू आणि जाणीव या तिन्हींचा संयोग झाला की दिसणे घडते. पाली साहित्यात त्याला फस्स म्हणतात. रंग वस्तूला चिकटलेला नसतो, हे विज्ञानाच्या बाईंनी बॅटऱ्यांनी दाखविले तेच हे. मग माणसाचा रंग पाहून मनात जे हलके-भारी उमटते, त्याची जबाबदारी पाहणाऱ्यावरच येते. आपल्या वधू-वर मेळाव्यांचे अर्ज काढून पाहावेत, एवढी विनंती या निमित्ताने पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना करावीशी वाटते.

त्या मुलीने सहावीच्या अखेरीस आपल्या आईचे चित्र काढले. चेहऱ्याचा रंग तिने निळा, पिवळा आणि तांबडा कालवून स्वतः तयार केला होता. प्रमाण जमेपर्यंत तीन वाट्या लागल्या. रंग वाया घालवू नकोस, असे या वेळी आम्ही म्हटले नाही. ते चित्र अजून शिक्षकांच्या खोलीत, धम्मध्वजाच्या शेजारी लावलेले आहे. शाळेत याल तेव्हा पाहून जा.

जय भीम!