चुकीमागची मराठी

इंग्रजी वाक्यातील चूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती तांबडी शाई. ही शाई कोठे चुकले ते दाखवते. का चुकले ते मात्र बहुधा सांगत नाही. त्यामुळे चूक म्हणजे आपल्या बुद्धीतील उणीव, असा समज मनात घट्ट बसतो आणि पुढे कितीतरी सुजाण माणसे इंग्रजीत एक अर्ज लिहिण्याचेही टाळू लागतात.

अभ्यासकेंद्रावर स्वाध्याय तपासताना मला एक गोष्ट वारंवार जाणवत आली आहे. मराठी माणसाच्या इंग्रजीतील चुका स्वैर नसतात. नोकरी सांभाळून शिकणारा कामगार आणि संसार सांभाळून शिकणारी गृहिणी एकमेकांना कधीही न भेटता एकाच जागी, एकाच रीतीने चुकतात. त्यांना चुकवणारे अज्ञान असते, तर चुका माणसागणिक वेगळ्या झाल्या असत्या. त्या सारख्या होतात, कारण त्यांच्या मागे एकच भाषा उभी असते, ती म्हणजे आपली मराठी. म्हणून इंग्रजीतील चूक ओळखायची असेल, तर त्या वाक्याखालचे मराठी वाक्य आधी ऐकता आले पाहिजे, असे मला वाटते.

पुढील वाक्य पाहा : ‘आय ॲम वर्किंग हियर सिन्स टू इयर्स.’ याच्या खाली ‘मी दोन वर्षांपासून येथे काम करत आहे’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. आपले ‘पासून’ दोन कामे करते. ‘सोमवारपासून’ म्हणताना ते आरंभबिंदू दाखवते, तर ‘दोन वर्षांपासून’ म्हणताना कालावधी मोजते. इंग्रजीने ही कामे वाटून दिली आहेत : आरंभासाठी ‘सिन्स’, कालावधीसाठी ‘फॉर’. शिवाय भूतकाळात सुरू होऊन अद्याप चालू असलेल्या क्रियेसाठी मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजी मात्र दोन्ही काळांना जोडणारे रूप मागते. म्हणून शुद्ध वाक्य होते : ‘आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर टू इयर्स.’ हा भेद केवळ गुणांपुरता नाही. अर्जात कोणी ‘आय वर्क्ड हियर फॉर टू इयर्स’ असे लिहिले, तर वाचणारा समजतो की या व्यक्तीने ती नोकरी सोडली आहे. कामावर असलेला माणूस एका क्रियापदामुळे कागदावर बेकार ठरतो.

‘ही इज टीचर’ या वाक्याचेही तसेच. ‘तो शिक्षक आहे’ या वाक्यात ‘एक’ घालण्याची आपल्याला गरज भासत नाही. इंग्रजीत ‘अ टीचर’ म्हणावे लागते. मात्र ‘अ’ आणि ‘द’ यांमागील विचार मराठीला परका आहे, असे समजू नका. ‘खोलीत मुलगा आहे’ आणि ‘मुलगा खोलीत आहे’ ही वाक्ये शेजारी ठेवून वाचा. पहिल्यातील मुलगा आपल्याला नवा आहे, दुसऱ्यातील आधीच ठाऊक आहे. पहिल्याला इंग्रजीत ‘अ बॉय’ म्हणावे लागेल, दुसऱ्याला ‘द बॉय’. जे काम इंग्रजी उपपदांकडून करून घेते, ते येथे मराठीने शब्दांच्या क्रमावर सोपवले आहे.

कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळाकडे वळू. ‘आंब्यांच्या पेटीची किंमत वाढली आहे’ या वाक्यात ‘किंमत’ हा शब्द क्रियापदाला अगदी खेटून उभा आहे. लिंग आणि वचन चुकण्यास वावच नाही. इंग्रजीत क्रम उलटतो. ‘द प्राइस ऑफ अ बॉक्स ऑफ मँगोज’ असे लिहीपर्यंत किंमत मागे राहते आणि क्रियापदाच्या शेजारी अनेकवचनी आंबे येऊन बसतात. मग लेखणीतून ‘हॅव गॉन अप’ उतरते. अशा वेळी ‘ऑफ’पासून पुढचा भाग बोटाने झाका आणि उरलेले वाक्य वाचा. ‘द प्राइस हॅज गॉन अप’ हे आपोआप सुचेल.

‘डिस्कस अबाउट’ लिहिताना आपल्या मनात ‘विषयी चर्चा करणे’ असते. इंग्रजीतील ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘ऑलदो’ने आरंभ करून पुढे ‘बट’ लिहितो, तेव्हा ‘जरी’ने ‘तरी’ला हाक मारलेली असते. मराठीत ही जोडी शोभते. इंग्रजीत दोहोंपैकी एकच शब्द पुरतो.

याचा अर्थ मराठीची छाप दिसली की ती चूकच, असा घेऊ नये. सभा ठरल्या वेळेच्या आधी घेण्यासाठी भारतीयांनी सर्रास वापरलेला ‘प्रीपोन’ हा शब्द आज ऑक्सफर्डच्या कोशात आहे. आपणही ‘टेबल’, ‘बस’ आणि ‘ट्रक’ घेतले व ते टेबल, ती बस, तो ट्रक अशी लिंगे त्यांना बहाल केली. इंग्रजीत त्यांना असे लिंग नाही. तरीही मराठीने केलेल्या या व्यवस्थेला कोणी अशुद्ध म्हणत नाही. भाषा एकमेकींकडून घेतात आणि घेतलेले आपल्या रीतीने वापरतात. अर्थ बिघडतो का आणि वाचणाऱ्याचा गैरसमज होतो का, हे प्रश्न शुद्ध-अशुद्धाच्या निवाड्यापूर्वी विचारावेत.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. मराठीची घडण समजून घेण्यासाठी त्यांनी इंग्रजीचा आधार घेतला. आपण तीच वाट उलट दिशेने चालू शकतो. विभक्ती, प्रयोग, काळ आणि अर्थ यांचा जो अभ्यास तुम्ही मराठीच्या पदवीसाठी करत आहात, तोच इंग्रजी वाक्य तपासताना हाताशी येतो.

तेव्हा इंग्रजीत काही लिहिलेत की लगेच खोडू नका. ते वाक्य शब्दशः मराठीत आणून मोठ्याने वाचा. ते मराठीत फारच सहज उतरले, तर तेथे थांबा : क्रियापदाचा काळ पाहा, नामाआधीची मोकळी जागा पाहा, ‘विषयी’, ‘पासून’, ‘शी’ यांच्या जागी कोणता शब्द घातला आहे ते पाहा. बहुतेक चुका याच तीन ठिकाणी सापडतील. सापडलेली प्रत्येक चूक वहीत उतरवा आणि तिच्यासमोर तिचे मूळ मराठी वाक्यही लिहा. महिन्याभराने ती वही उघडलीत, तर आपण नेमके कोठे चुकतो हे तुम्हांला दुसऱ्या कोणी सांगावे लागणार नाही.