अंगावर साचलेले शेरे

ऑगस्ट 2016 मध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स रिओ ऑलिंपिकमधून चार सुवर्ण आणि एक कांस्यपदक घेऊन अमेरिकेला परतली. पुढच्याच महिन्यात हॅकर्सनी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेकडची खेळाडूंची वैद्यकीय माहिती फोडली आणि तिची औषधं चव्हाट्यावर आणली. औषधं रीतसर परवानगीची होती. एकोणीस वर्षांच्या सिमोनने काही लपवलं नाही. आपल्याला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) आहे, लहानपणापासून त्यावर औषध घेते आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं तिने जाहीर सांगून टाकलं.

हीच सिमोन शाळेत मात्र वर्षभर जॅकेट घालून वावरायची. मोठेपणीही तिची उंची जेमतेम चार फूट आठ इंच. त्यात जिम्नॅस्टिक्सने कमावलेले दंड आणि त्या दंडांवरून चिडवणारी मुलं. पुढे फेब्रुवारी 2020 मध्ये, इतरांनी ठरवलेल्या सौंदर्याच्या मापांशी स्पर्धा करणं आता बंद, असं तिने इन्स्टाग्रामवर लिहिलं. एडीएचडीमुळे तिला दंडांची लाज वाटली, असं म्हणणं चूक ठरेल. ती लाज चिडवणाऱ्यांनी दिलेली होती. पण एडीएचडी असलेल्या मुलींच्या वाट्याला चिडवणं, बोलणी खाणं जरा जास्तच येतं आणि त्याचे वळ पुढे स्वतःच्या शरीराकडे बघण्याच्या नजरेवर उमटतात. याला पुरावा आहे.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टीफन हिनशॉ यांनी एडीएचडी असलेल्या 140 आणि नसलेल्या 88 मुलींचा लहानपणापासून पाठपुरावा केला. त्यातूनच अमोरी मिकामी आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एक निष्कर्ष मांडला. उतावीळपणा जास्त असलेल्या मुलींमध्ये किशोरवयात खाण्याच्या तक्रारी अधिक दिसल्या. त्याहून अस्वस्थ करणारी बाब पुढे आहे. लहानपणी सवंगड्यांनी दूर लोटलेल्या, आईवडिलांशी नातं बिघडलेल्या मुलींना पुढे भरमसाट खाऊन मग ते ओकून टाकण्यासारख्या तक्रारींचा धोका जास्त होता आणि हा संबंध एडीएचडी असलेल्या मुलींत अधिक घट्ट होता. म्हणजे घरातलं आणि वर्गातलं वागणं थेट ताटापर्यंत पोचतं.

आपल्याकडे ही बोलणी कशी असतात ते सांगायला नको. वेणी घालताना आई दहादा म्हणते, हलू नकोस. रिबीन मधल्या सुट्टीपर्यंत सुटलेली, युनिफॉर्मवर शाईचा डाग, नडगीवर काळानिळा वळ आणि तो कुठे लागला ते तिलाच आठवत नाही. एडीएचडी असलेल्या जवळपास निम्म्या मुलांमध्ये हालचालींचा ताळमेळही कमी असतो. टेबलाचा कोपरा, दाराची चौकट त्यांना लागतेच. ‘धांदरट’, ‘अजागळ’, ‘मुलीच्या जातीला शोभतं का?’ लक्ष न लागण्याबद्दलची तक्रार इथे नकळत अंगाबद्दलची होऊन बसते. ती पोर वर्षानुवर्षं हेच ऐकते आणि शेवटी ते खरं मानते.

अभिनेत्री आलिया भट्टने 2024 मध्ये आपल्यालाही लक्ष न टिकण्याचा विकार असल्याचं सांगितलं. मेकअपच्या खुर्चीत पाऊण तासाच्या वर बसवत नाही म्हणून लग्नाच्या दिवशीही तिने दोन तास द्यायला नकार दिला. तिचा नकार चालून जातो. गॅदरिंगच्या साडीत, टोचणाऱ्या पिनांसकट मुकाट बसवलेल्या सातवीतल्या मुलीला तेवढी मुभा कोण देतं?

वजनाचं गणित आणखी गुंतागुंतीचं आहे. एडीएचडी असलेल्यांना कामात बुडाल्यावर भूक जाणवतच नाही, दुपारचं जेवण राहून जातं आणि रात्री फरसाणाचा डबा कधी संपला ते कळत नाही. सॅम्युएले कॉर्तेझे आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये सात लाखांहून अधिक लोकांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एडीएचडी असलेल्या प्रौढांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी आणि मुलांमध्ये 40 टक्क्यांनी जास्त आढळलं. उलट एडीएचडीवरच्या मेथिलफेनिडेटसारख्या औषधाने भूक मरते, डबा भरलेला परत येतो आणि ‘किती वाळलीस!’ सुरू होतं. जाड असो की बारीक, बोलणारे असतातच. अशा वेळी ‘तोंडावर ताबा ठेव’ हा सल्ला निव्वळ क्रूर आहे, कारण ताबा ठेवणं अवघड जाणं हाच तर तिचा आजार आहे.

तेव्हा मुलीला मनोविकारतज्ज्ञांकडे नेताना केवळ मार्कांबद्दल बोलून उठू नका. ती कधी जेवते, किती जेवते, जेवण लपवते का, फोटो काढताना मागे का सरकते, हेही सांगा. तिला स्वतःला सांगू द्या. औषध सुरू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि डबा तसाच परत आला तर ओरडू नका, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. तिच्या दिसण्यावरचे शेरे मात्र आजच, घरातल्या सगळ्यांनी, पाहुण्यांसकट, थांबवा. त्यासाठी कुठल्याही तपासणीची वाट बघायला नको.